आधी प्लास्टर थांबवा, मग प्लॅनचं बघू

पत्र: नमस्कार दादा. साताऱ्याच्या बाहेर आमचं नवीन घर बांधून होतंय, खाली-वर असं. खाली सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं, मोठा बारावीला. वर मी, नवरा आणि आमची तीन वर्षांची मुलगी. मी पुण्यातल्या कंपनीसाठी घरूनच काम करते, दिवसभर कॉल असतात. दीर म्हणतात एकच कनेक्शन घेऊ, राऊटर खाली हॉलमध्ये टीव्हीमागे बसवू, वर रेंज नाही आली तर एक्स्टेंडर लावू. केबलवाला म्हणतो आता सगळं वायरलेस असतं, पाईप-बिईप कशाला. मला वर वेगळं कनेक्शन हवंय, पण तसं बोलले की "आत्तापासूनच वेगळं का" असं होणार. पुतण्या रात्रंदिवस गेम खेळतो त्याचीही धास्ती आहे. शेजारचे काका म्हणालेत पासवर्ड द्या, अर्धे पैसे देतो. बिल कुणाच्या नावावर घ्यायचं आणि वाटायचं कसं? पुढच्या आठवड्यात आतलं प्लास्टर सुरू होतंय.
– वरच्या मजल्यावरची सून

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी टाकलंय. पुढच्या आठवड्यात प्लास्टर! दीर, पुतण्या, शेजारचे काका हे सगळे विषय महिनाभर थांबले तरी चालतील, प्लास्टर थांबणार नाही, त्यामुळे आज संध्याकाळीच इलेक्ट्रिशियनला फोन करा आणि सांगा की गिलावा चढायच्या आधी नेटचे पाईप टाकून घ्यायचेत. एकदा भिंतीला पुट्टी लागली, रंग झाला की परत झिरी पाडायला कोणी तयार होत नाही, घरातले तर नाहीच नाही, आणि मग नव्याकोऱ्या भिंतीवरून पट्टी मारून नेलेली ती केबल बघत बसायची वर्षानुवर्षं.

केबलवाला म्हणतो सगळं वायरलेस आहे. त्याच्या बाजूने त्याचं बरोबर आहे. त्याचं काम काय तर पोलवरून दारापर्यंत फायबर आणायचं, एक डबा लावायचा, तुमच्याच फोनवर यूट्यूब चालू करून दाखवायचं, सही घ्यायची, सुटला. त्या डब्यापासून वरच्या खोलीतल्या तुमच्या लॅपटॉपपर्यंत नेट कसं पोचायचं हा तुमचा प्रश्न, आणि मध्ये आहे आरसीसी स्लॅब, आत सळयांची जाळी. एकत्र घरात नेटवरून जी धुसफूस होते ना, कोण किती वापरतं, कोणामुळे स्लो होतं, त्यातली निम्म्याहून जास्त मला तरी माणसांची वाटत नाही, भिंतींची वाटते. वायरिंग नीट असेल तर एका साध्या प्लॅनमध्ये दोन्ही मजले सुखाने चालतात आणि वायरिंग नसेल तर कितीही महागडा प्लॅन घ्या, वर गोल फिरतच राहणार.

आता टीव्हीमागचा राऊटर. हे घरोघरी असतं, कारण प्लग तिथे, सेट-टॉप बॉक्स तिथे आणि तो डबा कुणाला दिसायला नको असतो. पण टीव्हीच्या पाठीमागे धातूचा पत्रा असतो, तो सिग्नल अडवतो, आणि युनिटचं दार लावलं की राऊटर आत तापतो तो वेगळाच. त्यात वाय-फाय दोन प्रकारचा, २.४ गिगाहर्ट्झवाला लांबवर जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण हळू, आणि ५ गिगाहर्ट्झवाला एकदम फास्ट पण एक-दोन भिंतींतच दमणारा. तुमच्याकडे खालचा ५ वाला स्लॅब ओलांडून वर येईपर्यंत संपलेला असणार, फोन-लॅपटॉप आपोआप २.४ ला चिकटणार आणि वर रेंजच्या काड्या दिसत असूनही कॉलवर तुमचा आवाज तुटणार. मग खाली सगळं मस्त चाललंय आणि हिची एकटीचीच तक्रार कशी, असं सुरू होतं. वाटेत गोदरेजचं कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आली तर अजून कमी, आणि मायक्रोवेव्ह चालू झाला की २.४ वाला गडबडतोच.

एक्स्टेंडरचं तर मला खरंच कळत नाही लोक का घेतात. स्वस्त म्हणून घेतात, दुसरं काय. तो बिचारा खालून जे काही मरतुकडं येतंय तेच पकडून पुढे ढकलतो, आणि साधा एक्स्टेंडर असेल तर एकाच बँडवर, म्हणजे २.४ किंवा ५ पैकी एकावरच, घेणं आणि देणं दोन्ही करतो, म्हणजे हॉटेलात एकाच पोऱ्याने ऑर्डर पण घ्यायची आणि ताटं पण वाढायची, स्पीड साधारण निम्म्यावर येतो. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला हात लावायची सोय नाही, तिथे ठीक आहे. स्वतःचं घर बांधताय, भिंती उघड्या आहेत, आणि तुम्ही एक्स्टेंडर लावणार?

तर पाईपचं सांगतो, हे जरा बैजवार वाचा आणि जमलं तर इलेक्ट्रिशियनला पण वाचून दाखवा. आधी घरात नेटची एक जागा ठरवा. माझं मत विचाराल तर जिन्यालगतची भिंत, डोक्याच्या वरच्या उंचीवर, कारण जिन्याची पोकळी स्लॅबने बंद नसते, तिथून सिग्नल खाली-वर दोन्हीकडे त्यातल्या त्यात बरा जातो आणि वायरी वर न्यायलाही तीच वाट सोपी. तिथे कमीत कमी तीन प्लग पॉईंट घ्या आणि ते इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, हे इलेक्ट्रिशियनला दोनदा सांगा कारण तो ऐकून हो म्हणतो आणि नंतर साध्या लाईनवर जोडतो. डीबीच्या, म्हणजे मेन स्विच असतात त्या, पत्र्याच्या पेटीत मात्र राऊटर कोंबायचा नाही, तसली हौस असलेले इंटिरिअरवाले आहेत.

बाहेरून या जागेपर्यंत दोन वाटा ठेवा, एक रस्त्यावरच्या पोलच्या बाजूने आणि एक गच्चीवरून. गच्चीवरून कशाला म्हणाल, तर तुमची वस्ती नवीन आहे, फायबर अजून आलेलंच नसेल तर ५जीवालं एअरफायबर, म्हणजे वायरीऐवजी मोबाईलच्या ५जी सिग्नलवरून येणारं नेट, घ्यावं लागेल. जिओने ते २०२३ च्या गणेश चतुर्थीला मुंबई-पुण्यासकट आठ शहरांत सुरू केलं, एअरटेलचं त्याच्याही थोडं आधी आलं होतं. त्याचा डबा बाहेर उंचावर, बहुतेक गच्चीवरच बसतो आणि तिथून वायर घरात आणावी लागते. पुढे फायबर आलं तरी गच्चीचा पाईप वाया जात नाही, कॅमेरा आहे, डिश आहे, सोलर आहे, काहीतरी निघतंच.

मग आतले पॉईंट. वरच्या मजल्यावर पॅसेजच्या छताला एक, तिथे वरचा वाय-फायचा डबा लागेल. तुमच्या कामाच्या टेबलामागे दोन, हो दोन, कारण एक खराब झाली तर दुसरी असावी. खालच्या-वरच्या टीव्हीमागे एकेक, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत एक, पोर्चमध्ये कॅमेऱ्यासाठी एक. पाईप २५ मिलिमीटरचा, म्हणजे दुकानात इंची म्हणून मागाल तो, आणि लाईटच्या वायरींचा पाईप वेगळा, नेटचा वेगळा. एकाच पाईपमधून दोन्ही ओढायच्या नाहीत, तो म्हणेल काही होत नाही तरी नाही. दोन पाईप शेजारून जात असतील तर फूटभर अंतर ठेवायचं, ओलांडायचेच असतील तर सरळ काटकोनात ओलांडायचे. वळणावर तो छोटा एल्बो नको, लांब बेंड लावायला सांगा, नाहीतर पुढे वायर ओढताना अडकते आणि मग तो जोर लावून ओढतो आणि आतल्या आत वायरीची वाट लागते. पाईप टाकताना आतून नायलॉनची दोरी ओवून ठेवा आणि दोन्ही तोंडांना कागदाचे बोळे कोंबून वर टेप मारा. हे फार क्षुल्लक वाटतं, पण बोळा नसला की गिलाव्याचा माल आत जातो, तिथेच घट्ट होतो आणि तो पाईप कायमचा बाद होतो. शेवटचं म्हणजे प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी धरून फोटो काढा. उद्या कोणी घड्याळासाठी ड्रिल मारायला निघालं की ते फोटो उपयोगी पडतात.

वायर आत्ता नाही घेतली तरी चालेल, रंगाच्या आधी ओढली तरी पुरे. घेताना कॅट सिक्स घ्या, तांब्याची. इथे मोठी फसवाफसवी चालते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर ढिगाने मिळते, बाहेरून हुबेहूब तशीच, निम्म्या किमतीत, आणि दुकानदार बिनदिक्कत कॉपर म्हणून देतो. ओळखायची कशी, तर हातात हलकी लागते आणि आतल्या एका तारेला ब्लेडने खरवडलं की लालसर न दिसता चंदेरी दिसते. दुकानातच खरवडून बघा, लाजू नका. फिनोलेक्स, पॉलीकॅब, डी-लिंक असं काहीतरी नावाजलेलं घ्या, तुमच्या घराला जेमतेम शंभर-दीडशे मीटर लागेल, त्यात चार पैसे वाचवून काही बंगला उभा राहत नाही.

वायर ओढली की टोकं मारायची, त्याला क्रिंपिंग म्हणतात, आणि इथे तुम्ही स्वतः उभं राहायचं. आत आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या. त्या सोडवून एका ओळीत लावायच्या: नारंगी-पांढरी, नारंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. काही कारागीर घाईत चारच तारा जोडतात, कारण नेट चारवरही चालतं, पण मग ती वायर १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही, आज कळत नाही, उद्या मोठा प्लॅन घेतला की मग शोधत बसा कुठे अडलंय. तपासायचं एकदम सोपं, लॅपटॉपला वायर लावा, सेटिंगमध्ये ईथरनेटच्या खाली लिंक स्पीड बघा, १००० दिसलं तर आठही तारा जागेवर, १०० दिसलं तर त्याला परत बसवा. एकच लक्षात घ्या, तुमच्या राऊटरचे आणि लॅपटॉपचे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० चे, असायला हवेत, स्वस्त राऊटरचे पोर्टच १०० चे असतात, मग त्या कारागिराला उगाच शिव्या नको.

वरच्या पॅसेजमध्ये काय लावायचं, तर ड्युअल बँडवाला साधा राऊटर घ्या आणि तो ॲक्सेस पॉईंट मोडवर टाका, म्हणजे तो खालून वायरीने आलेलं नेट वर हवेत सोडतो, बाकी डोकं चालवत नाही. बजेट असेल तर मेशचा, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वाय-फाय देणारा, दोन डब्यांचा सेट घ्या, पण तोही वायरीनेच जोडा, मेश आहे म्हणून वायर नको असं नाही. खाली-वर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे सासूबाई फोनवर बोलत बोलत जिना चढल्या तरी फोन स्वतःहून वरचा पकडेल, मध्ये एखाद-दुसरा हिसका बसेल इतकंच. २.४ साठी खालचा डबा १ नंबर चॅनलवर आणि वरचा ६ वर टाका (१, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत). आणि तुमचा कामाचा लॅपटॉप वाय-फायवर ठेवूच नका, वायर लावा. एवढ्या एका गोष्टीने तुमच्या अर्ध्या चिंता संपतील.

इथवर झालं की मग एक कनेक्शन की दोन हा प्रश्न बराच सोपा होतो. आकडेमोड बघा. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की ४के बघायला १५ एमबीपीएस लागतात, फुल एचडीला ५. व्हिडिओ कॉलला चार-पाच धरा. आता खाली-वर दोन्ही टीव्ही चालू, तुमचा कॉल, सासूबाईंचा व्हिडिओ कॉल, शिवाय चार-पाच फोनवर रील्स, सगळं एकाच वेळी धरलं तरी साठाच्या आत बसतं. म्हणजे १०० चा प्लॅन तुमच्या घराला आरामात पुरतो, लोक उगाच ३००-५०० घेतात. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. अपलोडचा स्पीड किती, कारण कॉलवर तुम्ही बोलता ते अपलोडने जातं आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाऊनलोड. आणि अनलिमिटेड म्हणजे किती, कारण बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, तुम्ही तिथवर पोचणार नाही, पण काही लोकल ऑपरेटरची मर्यादा बरीच कमी असते आणि ती ओलांडली की स्पीड एकदम गोगलगाय. आकड्यातला घोळ पण डोक्यात ठेवा, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नाही, आठने भागा, साडेबारा एमबी.

म्हणजे स्पीडसाठी दुसरं कनेक्शन लागत नाही. पण तुमच्या नोकरीसाठी लागू शकतं, आणि इथे मी तुमच्या बाजूने आहे. तुमच्या ऑफिसला विचारा नेटचे पैसे देतात का, बऱ्याच आयटी कंपन्या देतात, आणि बिल कर्मचाऱ्याच्या नावावर असावं लागतं. देत असतील तर विषयच मिटला, वरच्या मजल्यावर तुमच्या नावाची एक लाईन घ्या आणि घरात तिला "ऑफिसची लाईन" एवढंच म्हणा. वेगळं कनेक्शन म्हटलं की लोकांना वेगळी चूल दिसते, ऑफिसची लाईन म्हटलं की कुणाला काही वाटत नाही, उलट सासरे पाहुण्यांना कौतुकाने सांगतील. फक्त ती दुसऱ्या कंपनीची घ्या. एकाच कंपनीच्या दोन लाईनी एकाच पोलवरून येणार, कोपऱ्यावर जेसीबीने खणलं की दोन्ही एकदम गेल्या, मग दोन घेऊन काय मिळवलं? ऑफिस पैसे देत नसेल तर मात्र घाई करू नका, एकाच लाईनवर तीन महिने काढून बघा आणि बॅकअपला फोनचा हॉटस्पॉट, तोही घरच्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीच्या सिमवर.

पुतण्यावर तुम्ही उगाच डूख धरलाय. ऑनलाईन गेम खेळताना डेटा फार थोडा जातो, त्याला स्पीडपेक्षा पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, कमी हवा असतो, तो तुमच्या कॉलला धक्काही लावत नाही. लाईन खातं ते वेगळंच, गेमचा अपडेट उतरतो तो कित्येक जीबीचा असतो, विंडोजचा अपडेट, आणि सगळ्यात छुपा चोर म्हणजे फोनमधल्या फोटोंचा बॅकअप, लग्नाहून आलं की घरातले सगळे फोन एकदम शेकडो फोटो वर चढवायला लागतात आणि अपलोड पूर्ण तुंबतो. कॅमेरे क्लाऊडवर असतील तर ते पण दिवसरात्र अपलोड खातात. उपाय म्हणजे अपडेट आणि बॅकअप रात्रीवर टाकायचे, आणि राऊटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असेल तर तुमच्या लॅपटॉपला पहिला नंबर द्यायचा. पुतण्याला त्याच्या खोलीत वायरीचा पॉईंट द्या, तो खूश, आणि नेटचं काहीही अडलं की तोच धावत येईल. बारावीच्या वर्षात त्याने किती खेळावं हा जाऊबाईंचा विषय. रात्री दहानंतर त्याचं नेट बंद करायची सोय राऊटरमध्ये असते, पण ते बटण तुम्ही दाबायचं नाही, त्यांना दाखवून ठेवायचं. दाबायचं की नाही ते त्या बघतील.

बिलाचं माझं गणित साधं आहे. स्वयंपाक एकत्र असेल तर नेट घरखर्चातून, कोणाचा वाटा किती हे काढायचंच नाही. चुली दोन असतील तर सरळ निम्मं निम्मं. डोकी मोजून, फोन मोजून, जीबी मोजून वाटायला जाऊ नका, त्यातून पन्नास रुपये वाचतात आणि वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. तसंही ५९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ७०७ ला पडतो, म्हणजे निम्मे साडेतीनशे. पाईप-वायरीचा खर्च तर बांधकामाच्याच हिशोबात टाका, टाईल्स आणि नळाच्या तोट्यांच्या रांगेत, तिथे तो कुणाच्या डोळ्यावरही येत नाही. कनेक्शन खुशाल दिरांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर घ्या, त्यांना तो मान वाटत असेल तर वाटू दे, पण रजिस्टर मोबाईल नंबर दिवसा घरी असणाऱ्या माणसाचा द्या, म्हणजे तुमचाच. तक्रार केली, माणूस आला, काम झालं की ओटीपी त्या नंबरवर येतो, आणि दीर कामावर, फोन सायलेंटवर, इकडे तो माणूस दारात ताटकळतोय, असं नको. राऊटरचा आतला पासवर्ड, तो ॲडमिन-ॲडमिन असतो तो, पहिल्याच दिवशी बदला आणि एकट्याकडे ठेवू नका, खाली एकाला आणि वर एकाला माहीत असू दे.

शेजारच्या काकांना नाही म्हणायचं. इथे मी जरा कडक आहे. कनेक्शन तुमच्या घरच्या केवायसीवर आहे, त्यावरून जे काही जाईल त्याची पहिली विचारणा तुमच्या दारात येणार, आणि घरगुती प्लॅन पैसे घेऊन बाहेर वाटणं कंपनीच्या नियमातही बसत नाही. आठवत असेल तर जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी एक धमकीचा ईमेल गेला होता, त्याचा माग काढत एटीएस नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर पोचली. त्याचा वाय-फाय उघडा होता, कोणीतरी तो वापरला, पण चौकशीचा ससेमिरा त्याच्या मागे लागला. काका चांगलेच असतील हो, पण काकांकडे येणारी सगळी माणसं तुम्हाला माहीत आहेत का? आणि नाही कसं म्हणायचं म्हणाल, तर ती ऑफिसची लाईन इथेही कामाला येते, "याच नेटवर माझं ऑफिसचं काम चालतं, कंपनी बाहेर द्यायला परवानगी देत नाही", बास. अडीअडचणीला तासभर हवं असेल तर गेस्ट नेटवर्क चालू करून द्या. ते गेस्ट नेटवर्क तसंही वास्तुशांतीच्या आधी करून ठेवाच, जेवणं उरकली की अर्धी पंगत पासवर्ड मागते. त्यावरून आलेले लोक तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा लॅपटॉपपर्यंत पोचत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बंद करून टाकायचं.

लाईट जाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्याकडे वळीव सुरू झाला की लाईट जाणार हे काही मी सांगायला नको. इन्व्हर्टरवर राऊटर असला तरी लाईट गेल्याच्या त्या क्षणी काही राऊटर रीस्टार्ट होतात आणि परत उभे राहायला दोन-तीन मिनिटं घेतात, तेवढ्यात कॉल गेला. त्यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो, घेताना ॲडाप्टरवर लिहिलेले व्होल्ट बघून तेवढ्याच व्होल्टचा घ्या, बहुतेकांचे १२ असतात पण बघा. आणि लोक हमखास विसरतात ते म्हणजे वरचा डबा. खालचा इन्व्हर्टरवर, वरचा साध्या प्लगवर, मग लाईट गेली की खाली नेट आहे आणि वर नाही, हे कोडं लोक कित्येक महिने सोडवत बसतात. विजांचंही तसंच. पोलपासून घरापर्यंत फायबरच येऊ दे, तांब्याची लॅन वायर नको. काही लोकल ऑपरेटर पोलवरच्या पेटीतून साधी लॅन वायर ओढून देतात, ती विजेचा झटका सरळ घरात आणते आणि राऊटरचे पोर्ट जळतात. फायबर आतून काचेचं असतं, आणि काच वीज नेत नाही.

कंपनी कुठली हे मी सांगणार नाही, कारण ते तुमच्या गल्लीवर आहे, कंपनीवर नाही. तीच कंपनी एका वस्तीत देवासारखी आणि पलीकडच्या वस्तीत आठवडाभर फिरकत नाही. आजूबाजूच्या तीन-चार घरांत विचारा, किती स्पीड हे नाही, बंद पडलं तर माणूस किती वेळात येतो ते. आणि रात्री नऊच्या सुमाराला कसं चालतं ते, कारण दुपारी सगळ्यांचंच मस्त चालतं. सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे एकदम भरले की एखादा महिना फुकट वगैरे देतात, त्या मोहात सुरुवातीला पडू नका, पहिले तीन महिने महिन्याच्या महिन्याला भरा.

बसवायला माणूस येईल तेव्हा फायबरची ती पातळ वायर तो कोपऱ्यात काटकोनात मुडपत नाही ना बघा, उरलेली मोठ्या गोल वेटोळ्यात ठेवायला लावा, आणि डब्यावरचे दिवे त्याच्याकडून समजून घ्या. पॉन लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असला की बाहेरून लाईन ठीक आहे, नेट तरीही चालत नसेल तर बहुतेक घरातलंच काहीतरी आहे. लॉस लिहिलेला दिवा लाल लुकलुकायला लागला की फायबर कुठेतरी तुटलंय किंवा उंदराने खाल्लंय. फोनवर "नेट चालत नाही" म्हटलं की ते तुम्हाला दहा मिनिटं राऊटर बंद-चालू करायला लावतात, "लॉस लाल आहे" म्हटलं की माणूस पाठवतात.